आबांचा रिकामा वेळ

आबा गेले त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी चहा घेऊन ते बांधावर गेले. दुपारी चौघांनी त्यांना घरी आणलं.

आबा माझे चुलते. सापगावजवळ आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. भाताच्या दिवसांत आबा रोज संध्याकाळी खाचरांच्या कडेने फिरत आणि खेकड्यांनी बांधाला पाडलेली बिळं बुजवत. मूठभर चिखल, त्यात गवताचा बोळा, आणि वरून टाच. त्यांची स्वतःची खाचरं चारच, पण फिरत ते सगळ्यांच्या बांधांवरून. कोणी टोमणा मारायचं, "आबा, दुसऱ्याच्या बांधात तुमचा काय जातंय?"

"पाणी जातंय," आबा म्हणायचे. "ता इचारतं का, कोणाचा बांध हाय?"

पदवी झाल्यावर नोकरीच्या आशेने मी ऑनलाइन स्पॅनिश शिकायला घेतलं. फोनला रेंज फक्त आबांच्या ओट्यावर, त्यामुळे वर्ग तिथेच भरायचा. चिखलाचे पाय धुऊन आबा पायरीवर बसत आणि वर्ग संपला की विचारत, "आज काय शिकलीस गो बाय?"

एकदा मी म्हटलं, "छंद आणि रिकामा वेळ."

"म्हंजे काम नसताना माणूस काय करतो, ता?"

"हो."

"मग माझा सांग की. मी बिळा बुजवतो."

"आबा, ते काम झालं."

"काम कसला? मला कोणी सांगितलाय करायला?"

तोंडी परीक्षेसाठी घरातल्या एका माणसाच्या रिकाम्या वेळाबद्दल दोन मिनिटं बोलून रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. तुमच्यावरच बोलते, असं मी आबांना सांगून टाकलं. खेकडा, चिखल, टाच हे शब्द शोधले. बांधाला शब्द सापडेना, तर "शेताची मातीची भिंत" असं लिहिलं. मग वर्गातली बाकीची मुलं आठवली. मुंबई-पुण्याची ती मुलं ट्रेकिंगबद्दल, गिटारबद्दल बोलायची. खेकड्यांची बिळं ऐकून त्यांचे चेहरे कसे होतील, ते मला दिसलं. मी सगळं खोडलं आणि लिहिलं, "माझे काका संध्याकाळी बुद्धिबळ खेळतात आणि पुस्तकं वाचतात."

आबांना सहीपुरतीच अक्षरं येत होती.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आबांनी काकीला भांडी घासायची थांबवली, कोंबड्या मागच्या दारी हाकलल्या. त्यांना तेव्हा खोकला होता. दोन मिनिटं ते तोंडावर पंचा दाबून माझ्या समोर बसून राहिले. त्यांच्याकडे बघत मी बुद्धिबळ बोलले. अगदी शेवटी पंचाआडून एक खोकला निसटला. त्यांनी दोन्ही कान धरले.

"झाला? माझा सांगितलास?"

"सांगितलं."

"बांधाचा?"

"हो, आबा."

दुसऱ्या दिवशी सापगावच्या चहाच्या टपरीवर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आपल्या बांधांचं पोरीने परदेशी भाषेत सांगितलंय. "तिकडचे खेकडे घाबरले असतील, आबा!" कोणीतरी म्हणालं. ते मला सांगताना आबांना हसू आवरत नव्हतं. मीही हसले. मी पास झाले. बाईंनी शेरा लिहिला होता, "व्याकरण चांगलं. पण सगळ्यांचेच काका बुद्धिबळ खेळतात." तो मी आबांना वाचून दाखवला नाही. खरं सांगायला पुढे उरलेला सगळा पावसाळा होता. रोज संध्याकाळी ते पायरीवर असायचे.

तेराव्यानंतर काकी फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यांच्यावर बोललेलीस ना, ता लाव."

मी लावलं. काकी पदर तोंडाशी धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "यात बांध कुठं आला गो?"

"आत्ताच येऊन गेला."

"मग परत लाव."

मी परत लावलं.

आता दर दोन-चार दिवसांनी ती लावायला सांगते. आबांनी सांगितलं होतं तसं सगळं मी पुन्हा लिहून काढलं आहे, पाठही आहे. नवं रेकॉर्डिंग करून तेच लावलं तर काकीला भाषेतला फरक कळणार नाही. पण जुनं मला पुसता येत नाही. माझं बोलणं संपता संपता त्यात आबांचा खोकला आहे. त्यांचा तेवढाच आवाज आमच्याकडे राहिला आहे.