पितळेची पिन

रविवारी सकाळी मी वर्गातल्या मित्राच्या बंगल्यावर टीव्ही बघायला जायचो. त्यांच्याकडे केबल होती. ट्रकचा रोबोट होतो, रोबोटचा पुन्हा ट्रक, असं ते कार्टून. त्याच्या मामांनी त्यातलाच एक रोबोट परदेशातून आणला होता. मी सातवीत असताना मित्राने तो मला दोन दिवसांसाठी दिला. "दसऱ्याला परत आण. मामा येणारेत, विचारतील," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी मी त्याचा ट्रक करायला बसलो. आधी पाय मिटायचे, मग डोकं, शेवटी हात. घाईत मी हात आधी दाबला. खांद्यातली पिन तुटली आणि हात माझ्या मुठीत आला.

वडील उद्यमनगरात लेथवर कामाला होते. खंडेनवमीला तिथे यंत्रं धुऊनपुसून पूजा मांडतात. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत हत्याराला कुणी हात लावत नाही. वडील पूजा आटोपून, कपाळावर गंध घेऊन दुपारी घरी आले आणि मी रडत रोबोट त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो बराच वेळ मिटला, उघडला. "बनवणारा गडी लई हुशार हाय," म्हणाले. "एका पिनीवर सगळा खांदा पेललाय बघ." आणि चप्पल घालू लागले.

"अवो, आज मशीन लावताय व्हय? पूजलंय की!" आई म्हणाली.

"पोरानं शब्द दिलाय. देव घील समजून."

वर्कशॉपच्या मालकांकडून त्यांनी किल्ली आणली आणि मला सोबत नेलं. वडिलांनी लेथवरचा झेंडूचा हार उतरवून खिळ्याला अडकवला, यंत्राच्या पाया पडले आणि पितळेच्या सळईतून गव्हाएवढी पिन कातून काढली. हात पहिल्यापेक्षा घट्ट बसला. हार पुन्हा चढवताना मात्र ते यंत्राकडे बघत नव्हते.

दसऱ्याला मी रोबोट घेऊन निघालो, तर वडीलही निघाले. "पिन नवी हाय, सांगाय पायजे. न्हायतर ते पोरगं जोर लावंल." खिशात त्यांनी आपट्याची पानं घेतली. शर्ट धुतलेला होता, पण नखांतलं काळं ऑइल कशानेच जात नसे.

बंगल्याच्या व्हरांड्यात मित्र, त्याची आई आणि मामा बसले होते. वडील पायरीखाली थांबले. मामांनी रोबोट हातात घेतला आणि पिन त्यांना लगेच दिसली.

"अरे वा! हे कुणी केलं?"

मित्राच्या आईने पायरीकडे पाहिलं. "आणि हे कोण रे?"

मी म्हणालो, "मेकॅनिक आहेत. त्यांनीच दुरुस्त केला."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "व्हय ताई," ते म्हणाले. "पाय आदी मिटायचं, हात शेवटाला. जोर लावायचा न्हाय." मग वर येऊन त्यांनी तिघांना सोनं दिलं आणि माझ्यापुढे आले. आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात.

"घ्या पावणं, सोनं घ्या," वडील मला म्हणाले आणि माझ्या हातावर पानं ठेवली.

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पण माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ते जपून बोलत होते. घरी आल्यावर त्यांनी आईला, बहिणीला सोनं दिलं. मला दिलं नाही. मला दिलेलं होतंच.

त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही नाही. लेथवर उभं राहून त्यांनी मला शिकवलं आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेलो, तेव्हा माझा हात धरून त्यांनी मला एकेका यंत्रापाशी नेलं. यंत्रांच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ते ओरडून सांगत होते, "ह्यो माझा पोरगा!"

मी पेढ्यांचा पुडा धरून खाली बघत होतो. लोक म्हणाले, पोरगं लाजाळू हाय.