सगुणाआत्येचे वायपर

गाडी पासिंगला नेण्याआधी ड्रायव्हर काजूच्या झाडाखाली थांबतात. पासिंगचं मैदान उघड्या कातळावर आहे. सावली म्हणावी अशी कुंपणाबाहेरच्या त्या एका झाडाचीच, आणि तिथे सगुणा बसते. तिच्यापुढे गोणपाटावर सामान मांडलेलं असतं: आग विझवायचे लाल सिलिंडर, औषधपेट्या, लाल त्रिकोण आणि वायपर. यातलं काहीच विकायचं नसतं. ज्याच्या गाडीत जे नसेल ते त्याने न्यायचं, गाडी तपासणाऱ्या आरटीओच्या साहेबांना दाखवायचं, गाडी पास झाली की परत आणून द्यायचं आणि भाडं देऊन घरी जायचं.

तिचा नवरा केरू असताना रत्नागिरीत त्याचं गॅरेज होतं. तो गेल्यावर गॅरेज दुसऱ्याने घेतलं, पण सुट्या सामानाची पेटी सगुणाने कोणाला दिली नाही. पेटी उचलून ती पासिंगच्या मैदानाबाहेर आली, वायपर विकायला. कोणी घेईना. शेवटी एक टेम्पोवाला म्हणाला, "तासाभरापुरते दे गो आत्ये, मग आणून देतो." धंदा तिथे सापडला. याला लबाडी म्हणावं असं तिला कधी वाटलं नाही. लग्नात शेजारणीचा हार मागून घालतात, तसंच हे.

हात मात्र तिचा काचेवर चांगला बसला होता. उन्हात भाजून चिकटलेली तांबडी धूळ ती आधी पाण्याने भिजवायची, मग जुन्या वर्तमानपत्राने पुसायची. कोरडं फडकं घेऊन कोणी पुढे आला की ओरडायची, "मेल्या, काच हाय ती, पाटा नव्हे!" काचेवर मधोमध ग्रामदेवतेचं नाव चिकटवलेलं असलं की, साहेब अडवतील म्हणून, ब्लेडने हलक्या हाताने सोडवून ड्रायव्हरच्या हातात द्यायची. "खिशात ठेव. तिथनंपण राखील तुला."

मेच्या अखेरीस शाळांच्या गाड्या पासिंगला येतात. त्या दिवशी पूर्णगडकडचा स्वरूप व्हॅन घेऊन आला होता. दरवर्षी यायचा. त्याच्या वायपरचं रबर सुकून फाटलं होतं, एका बाजूला तर नुसती लोखंडी पट्टी काचेवर घासत होती. व्हॅनच्या मापाचा एकच धड जोड सगुणाकडे होता. तो तिने लावून दिला, सिलिंडर दिला, काच पुसून दिली. स्वरूपची गाडी पास झाली. मागे सागर नावाचा एक व्हॅनवाला त्याच जोडाची वाट बघत उभा होता.

"घे गो आत्ये, तुजं सोनं," स्वरूप उतरत म्हणाला. "साहेबांनी काचेवर बोट फिरवलं नि विचारलं, नवी टाकलीस काय?"

"मग काय बोललास?"

"बोललो, आत्येनं टाकली." सिलिंडर त्याने गोणपाटावर ठेवला. "आणि भाड्यात जरा सूट दे हां ह्या वेळी. आता तू घरातली झालीस."

"ती कशी काय?"

"तुजी शमिका पाचवीत गेली ना? तुज्या लेकीनं माज्या गाडीत नाव घातलंय तिचं. पुढच्या सीटवर बसणार म्हणून आत्ताच हटून बसलीय."

सगुणा हसली. नात पाचवीत गेल्याचं तिला ठाऊक होतं, गाडीचं नव्हतं. तिने वायपर काढायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. खाली स्वरूपचे जुने वायपर पडले होते. तिने ते उचलले, रबरावरून अंगठा फिरवला, आणि नवे काढून जुनेच परत बसवले.

"आत बस," ती म्हणाली.

"चाललोच हाय की."

"बस म्हटलं ना. वायपर चालू कर."

तिने काच पुसायच्या बादलीतून तांब्या भरला आणि काचेवर ओतला. मग दुसरा, तिसरा. ओतता ओतता बोनेटच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि एक हात वर केला. काचेवर वायपर करकरत इकडून तिकडे जात होते. पाणी निथळायच्या ऐवजी सगळीकडे सारवल्यासारखं पसरत होतं.

"किती बोटं हायत?"

"आत्ये, काय पोरखेळ लावलायस?"

"बोटं सांग."

स्वरूप पुढे वाकला. काचेला नाक लागेपर्यंत वाकला. "हात दिसतोय," तो म्हणाला. "म्हणजे... कायतरी हलतंय."

सागर मागून फिदीफिदी हसला. सगुणा हसली नाही. पूर्णगडचा रस्ता तिच्या डोळ्यांपुढे आला: वळणं, समोरून येणारे चिऱ्याचे ट्रक, आणि पुढच्या सीटवर शमिका. मग आणखी एक गोष्ट सुचली, ती जास्त बोचली. या पोराची गाडी दरवर्षी तिच्याच वायपरवर पास होत आली होती. आत पोरं तेव्हाही होतीच, फक्त तिच्या ओळखीची नव्हती.

तिने जुने वायपर काढले आणि चांगला जोड पुन्हा चढवला. खटका बसल्याचा आवाज आला.

"असूदे. न्हे हे."

"शाळा सुरू व्हायच्या आधी नवे घालणारच होतो गो."

"गेल्या वर्षी पण घालणार होतास."

मध्येच सागर बोलला. "ओ आत्ये, मी काय करू मग? माजा नंबर आलाय. मला पण हाच जोड लागतो."

"बाजारात मिळतो."

"तू भाड्यानं देतेस म्हणून तर आलो इथवर!"

"वायपर आता भाड्यानं नाय. दुसरं काय हवं ते मागून घे."

"बसून राहशील मग काजू राखत," सागर म्हणाला. पण त्याने कोणाची तरी मोटारसायकल मागून घेतली आणि बडबडत बाजाराच्या दिशेने गेला. रांगेतल्या आणखी दोघांनी ते ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक उतरून आपल्या वायपरचं रबर चिमटीत धरून बघू लागला.

स्वरूपला आता तिची चेष्टा करावीशी वाटली. "मग सिलिंडरपण गाडीतच ठेवू काय? आग लागली तर?"

सगुणाने सिलिंडरकडे पाहिलं. वायपर देऊन टाकणं तिला परवडलं होतं, सिलिंडर परवडणार नव्हता, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

"तो मी ठेवून घेते," ती शेवटी म्हणाली. "तू तुजा आण. शाळा सुरू झाली की शमिकाला फोनवर विचारीन, गाडीत लाल सिलिंडर हाय काय. ती काय खोटं बोलायची नाय."

"म्हणजे साहेब परवडले."

"साहेब वर्षातनं एकदा बघतात. ती रोज बघेल."

भाडं द्यायला स्वरूपने खिशात हात घातला. सिलिंडरचं तिने घेतलं, वायपरचं घेतलं नाही. त्याने गाडी सुरू केली, मैदानापुढून वळवली, आणि नव्या वायपरची ऐट दाखवायला म्हणून ते चालू करून निघाला. काच एव्हाना उन्हाने सुकली होती. सगुणा उठून रस्त्यापर्यंत धावली.

"सुक्यावर नको रे फिरवू, मेल्या! रबर जाईल!"