मांडीचं न जुळणारं हाड

बाबा मिठागराच्या बांधावरून घसरले, त्या वर्षी मी मुंबईत उंदरांच्या हाडांवर आणि दातांवर संशोधन करत होते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, कारण त्यांच्या मुळाशी काही मूळपेशी दडलेल्या असतात. त्यातल्या एकीला औषधाने रंग चढवला, की तिची सगळी पिल्लावळ तोच रंग घेऊन जन्मते. मग पातळ काप काढायचे आणि रंग कुठवर पोचला ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसायचं. हाडांतही तसंच. सांगायला दोन मिनिटं लागतात, करायला वर्षं जातात.

बाबांच्या मोडलेल्या मांडीत सळई घातली होती. सात महिने झाले तरी एक्सरेत फट तशीच दिसत होती. शनिवारी मी लाँचने मांडव्याला उतरायचे आणि बसने घरी जायचे. बाबा खाटेवर बसून असायचे.

"तुझ्या उंदराचं हाड जुळतं ना?" एकदा त्यांनी विचारलं.

"तीन आठवड्यांत."

"मग माझं का न्हाय?"

उत्तर मला पाठ होतं. वय, तंबाखू, साखर. हाड बांधणाऱ्या पेशी कमी होतात, थकतात. त्यांच्या तोंडावर ते बोलवेना.

"वेळ लागतो," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर ज्या उंदरांना औषध टोचलंच नव्हतं, त्यांच्याही हाडांत रंग दिसला. तो आपोआपच चढत होता, म्हणजे कुठली पिल्लावळ कोणाची ते कळायला मार्गच नव्हता. माझ्या मार्गदर्शक बाई बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या.

"आधीच्या कापांवरही आता भरवसा नाही ठेवता येणार," त्या म्हणाल्या.

दीड वर्षाचं काम होतं. मी काचा धुतल्या, हॉस्टेलवर गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपून राहिले.

शनिवारी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आमचं पण तयार मीठ अवकाळी पावसात जायचं."

"मग काय करायचात?"

"चार दिवस कोणाशी बोलत नसू. मग जायचो कामाला."

पुढच्या महिन्यात दुसरं ऑपरेशन झालं. कमरेच्या हाडातला गर काढून डॉक्टरांनी मांडीच्या फटीत भरला. मी ज्या पेशींच्या मागावर होते त्या त्याच गरात असतात. बाहेरच्या बाकावर बसून मला तेवढंच आठवत होतं, आणि त्या आठवण्याचा कोणालाच काही उपयोग नव्हता.

तीन महिन्यांनी एक्सरेत फटीवर पांढुरकी सावली दिसली. डॉक्टर म्हणाले, धरतंय. बाबा आता काठी घेऊन चालतात. तो पाय थोडा आखूड राहिला आहे, जिना चढला की दुखतो.

मी नव्या जातीचे उंदीर मागवले. या वेळी औषध न टोचलेले आधी तपासले, रंग नव्हता. बाईंना दाखवलं. "बरं, करा सुरुवात," त्या म्हणाल्या. आनंद झाला असं नाही म्हणता येणार. डोळे दुखत होते. पहिल्या पिंजऱ्यावर तारीख लिहिली आणि औषध मोजायला घेतलं.