रविवारची वांग्याची पानं

जबलपूरच्या बाहेर एका शेती-संशोधन केंद्रात मी दीड वर्ष अळ्या पाळल्या. हड्डा भुंग्याच्या. हा नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा भुंगा दिसायला खेळण्यासारखा असतो, पण त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्या पानाचा हिरवा गर खरवडून खातात आणि मागे शिरांची जाळी ठेवतात. केंद्रातल्या शास्त्रज्ञ साहेबांच्या प्रयोगासाठी आम्ही अंडी तीन डब्यांत वाटायचो: एकात वांग्याची पानं, एकात टोमॅटोची, एकात भुईरिंगणी या रानझुडपाची. कुठल्या पानावर अळी किती खाते, किती दिवसांत कोष करते, किती मरतात, हे लिहायचं. वांग्यावरच्या भराभर वाढत. टोमॅटोवरच्या पानाच्या कडेकडेने हिंडत, नाइलाजाने थोडं खात, बारीक राहत आणि कात टाकताना अर्ध्यातच अडकून मरत.

पानं आणायच्या मावशी. नागपूरकडच्या, महाराजपूरला राहणाऱ्या, केंद्रात रोजंदारीवर. पानं फक्त जाळीघरातल्या कुंड्यांमधली, कारण तिथे औषध कधी फवारलं जात नसे. बाकी सगळे हिंदी बोलत. आम्ही दोघी मराठी.

माझे बाबा फॅक्टरीतून जेवणाच्या डब्यासोबत युनियनची पत्रकं घेऊन येत. मी वाचायला त्यांवरच शिकले. म्हणून रोजंदारीवाल्यांसाठी मीही एक पत्रक लिहिलं: टोमॅटोच्या पानावर टाकलेल्या अळीसारखं या बायांना जगवलं जातं, वगैरे. मावशींना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं.

"म्हणजे मी अळी?" त्या हसल्या. "अन् साहेब वांग्यावरचा?"

ते पत्रक मी एका रविवारी शहरात, दीक्षितपुऱ्यातल्या कामगारांच्या सभेत वाचणार होते. रविवारी मावशींना सुट्टी असे; त्या शनिवारीच ओल्या कापसात देठ गुंडाळून पानं ठेवून जात आणि मी ती डब्यांत घालत असे. त्या दिवशी वांग्याची पानं कमी पडली. अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या, अधाशासारख्या खात होत्या. जाळीघराची किल्ली पार दुसऱ्या टोकाला, चौकीदाराकडे. सभेला उशीर होत होता. मी रस्त्याकडेच्या वाफ्यातली वांग्याची पानं तोडली, डब्यात टाकली आणि गेले. टाळ्या चांगल्या पडल्या.

सोमवारी वांग्याच्या डब्यातली एकही अळी जिवंत नव्हती. सगळ्या उताण्या, काळ्या पडलेल्या. त्या वाफ्यावर शनिवारी फवारणी झाली होती. साहेबांचा अख्खा हंगाम गेला.

"पत्ती कहाँ से लाई थी?" त्यांनी मावशींना विचारलं.

मावशींनी डब्यातलं अर्धवट खाल्लेलं पान उचललं. शिरेवर काटे होते. कुंड्यांतल्या वांग्याला काटे नसत. "साहब, ये हमारी पत्ती नहीं है."

"तो क्या आसमान से टपकी?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नेमणुकीची मुदत एक वर्षाने वाढवण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मी वहीत तापमान लिहीत राहिले.

त्याच दुपारी मस्टरवरून मावशींचं नाव कापलं.

गुरुवारी मी साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "अब छोड़ो. नई बाई आ रही है. तुम अंडे फिर से इकट्ठे करो." कागदावर सही झालेली होती. मला ओरडलेसुद्धा नाहीत. वरच्यांना एक न्याय आणि मजुरांना दुसरा, हे मला पत्रकांतून पाठ होतं. तो माझ्या बाजूने लागलेला मी पहिल्यांदा पाहिला.

संध्याकाळी महाराजपूरला गेले. मावशी विळ्याला धार लावत होत्या; मझौलीकडे धान कापायला जायचं होतं.

"मावशी, चूक माझी होती."

"मला माहीत नाही काय? पान पाहिल्याबरोबर समजलं." विळा थांबला नाही. "रविवारी घाई झाली, चलो, होते. सोमवारी तोंड काहून उघडलं नाही, ते सांग. तिकडं माइकवर तर मोठी बोलून राहिली होती."

त्यांनी विळा बाजूला ठेवला.

"लिहून दे," त्या म्हणाल्या. "हिंदीत. सही करून."

मी तिथेच बसून लिहिलं. कंत्राटी व्यवस्था, शोषण, माणसाची किंमत, पानभर झालं. त्यांच्या मुलीने मोठ्याने वाचलं. मावशींनी हात वर करून तिला थांबवलं.

"हे भाषण माझ्या काय कामाचं? पत्ती कोणी तोडली, कुठून तोडली, ते लिही. अन् मी सुट्टीवर होती, ते लिही."

दुसरा कागद चार ओळींचा झाला.

सकाळी आम्ही दोघी केंद्राच्या ऑफिसात गेलो. बाबूने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इससे नाम वापस नहीं चढ़ेगा, अम्मा. नई बाई लग गई."

"मत चढ़ाओ. ठप्पा मारो. एक कॉपी मेरे को. कोई पूछे काहे निकाला, तो दिखाऊँगी."

ठप्पा बसला. त्यांनी कॉपी घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. मी म्हणाले, मी राजीनामा देते.

"ते तुझं तू पाह्य," त्या म्हणाल्या. "त्यानं मला काम भेटत नाही." आणि मझौलीची बस पकडायला निघाल्या.