खोकल्याची गल्ली

अमरावतीत आमच्या घरामागे खोकल्याची गल्ली नावाची एक गल्ली होती आणि ती मी शोधून काढल्यामुळे माझ्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

शोधून काढली म्हणजे, ती तिथे होतीच. पण जन्म त्या गावात गेला आणि मला पत्ता नव्हता! एका दुपारी (नसता उत्साह, दुसरं काय!) मी दोन भिंतींमधल्या फटीत शिरलो, तर समोरून डोक्यावर मेथीची टोपली घेतलेली माळीण आली. गल्ली एका माणसाच्या रुंदीची. ना ती पुढे, ना मी.

"काहून रे, खोकलल्याबिगर शिरला?" ती कडाडली.

रिवाज तिनेच शिकवला. शिरताना जोरात खोकायचं. आतून उलट खोकला आला की बाहेर थांबायचं. मला इतका आनंद झाला, की त्याच संध्याकाळी मी बाबांना आणि काकांना ती गल्ली दाखवली. तेही बाजाराला तिथूनच जाऊ लागले.

पंधरा दिवसांनी ताईला पाहायला मुलाचे वडील, अकोल्याचे वकीलसाहेब, आणि त्यांची बहीण, आत्याबाई, असे दोघे आले. ताईचं हे नववं स्थळ. आधीची आठ पोहे खाऊन गेली होती. मी पाहुण्यांना स्टेशनवरून टांग्यात घातलं आणि गल्लीच्या तोंडाशी टांगा सोडून दिला. म्हटलं, जरा गंमत दाखवू!

मी खोकलो. आतून दणदणीत खोकला आला.

"हे आमचे बाबा!" मी अभिमानाने सांगितलं. पाठोपाठ आणखी एक आला. "अन् हे काका!"

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. "किती दिवस झाले हो याले?"

"झाले पंधरा दिवस! दोघांनाही मीच लावलं!"

"घरात सगळ्यांलेच आहे?"

"आई अजून शिकून राहिली."

आत्याबाईंनी पदर नाकाला लावला. त्या काळी घरभर खोकला म्हटलं, की लोकांना एकच शब्द सुचायचा: क्षय! आणि क्षयाच्या घरात सोयरीक कोण करणार? (हे मला सोडून सगळ्यांना सुचलं.)

तेवढ्यात बाबा आणि काका हसतमुखाने गल्लीतून बाहेर आले. वकीलसाहेब दोन हात मागे सरकले. "येतो आमी. मुलगी पाह्यची आता गरज नाई."

मी समजावू लागलो, "अहो, तो रिवाज आहे..." पण ऐकतो कोण! "टांगा कुठं भेटते?" एवढंच ते विचारत होते. काकांनी गोंधळून गल्लीच्या पलीकडे, आमच्या घरापुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. वकीलसाहेब तडक गल्लीत शिरले, मागे आत्याबाई. अर्थातच, न खोकता!

आतून ओळखीचा आवाज कडाडला.

"आंधी खोक, मंग शीर! एवढंही समजत नाई काय?"

"अवं बाई, मी वकील आहो!"

"वकील असशीन तं कोर्टात! मांगं सरक!"

आधी आत्याबाई उलट्या चालत बाहेर आल्या, मग वकीलसाहेब, आणि शेवटी मेथीची टोपली. वकीलसाहेबांनी एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पोट धरून हसू लागले! हसू ओसरल्यावर त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून असा काही खोकला काढला, की काकाही चकित झाले. आम्ही सगळे ओळीने गल्लीतून घरी गेलो. ताई पसंत पडली. मला तर नाचावंसं वाटलं!

आत्याबाईंच्या मनातली शंका मात्र पुरती गेली नव्हती. त्यांनी अकोलाभर सांगितलं, "पोरगी लाखात एक. भावाचं काही सांगता येत नाई."

मग चार वर्षं मला एकही मुलगी सांगून आली नाही. शेवटी अचलपूरचे एक गृहस्थ आले. तेव्हा मुलींना चालून दाखवायला सांगत. मला मात्र होणाऱ्या सासऱ्यांसमोर तीनदा जिना चढून दाखवावा लागला, आणि दर खेपेला ते माझ्या छातीला कान लावत होते!