नानांचे पाय

मी नानांच्या पायांना घाबरायचे.

आज सकाळी नाना गेले. इथे न्यूझीलंडमध्ये, बॉटनी डाउन्सला, मुलाच्या घरी, झोपेतच.

ज्यांना नाना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. साताऱ्याचे निवृत्त पी.टी. मास्तर. आधी माझे पेशंट, नंतर घरचेच.

ते दाखल झाले तेव्हा मी सर्जिकल वॉर्डात नुकतीच नर्स प्रॅक्टिशनर झाले होते. न्यूझीलंडमध्ये हा प्रकारच नवा होता. म्हणजे नर्सच, पण पेशंट तपासायचा, टेस्ट्स सांगायच्या, औषधं लिहून द्यायची आणि खाली सही आपली.

आईला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, "म्हणजे डॉक्टर झालीस का?"

नाही म्हटलं.

"मग चुकलं तर कोणाला धरणार?"

मला, म्हटलं.  मी मुळात भित्री, त्यात हे.

वॉर्डची चार्ज नर्स होती मेरे, इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी. तिचा एक नियम होता. राउंडला गेलं की आधी पायांना हात लावायचा. माणूस तोंडाने "फाइन, फाइन" म्हणत राहतो, पण आत मोठं काही बिघडलं की पाय गार पडायला लागतात.

नानांच्या आतड्यातली गाठ काढून दोन टोकं जोडली होती. ऑपरेशननंतर पहिल्या सकाळी मी ब्लँकेट सारून त्यांच्या पायांना हात लावला. नानांनी सलाइनचा हात वर केला आणि म्हणाले, "सुखी राहा, बाळ."

त्यांना वाटलं मी नमस्कार करतेय.

आता आशीर्वाद मिळाल्यावर "अहो, मी रक्ताभिसरण बघतेय" असं कोणत्या तोंडाने सांगणार?  मग ते रोजचंच झालं.

त्यांचा मुलगा शिरीष भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, आपली मराठी मुलगी आहे वॉर्डात, आता टेन्शन नाही.

ते सगळं टेन्शन मी घरी घेऊन जायचे.

आणि मग ती सकाळ आली.

रजिस्ट्रार, म्हणजे सर्जनच्या हाताखालचा डॉक्टर, नानांना बघून गेला होता. ताप नाही. नाना म्हणतात, "नो पेन, सर." पेनकिलरच्या पंपाचं, दुखलं की पेशंटने स्वतः दाबायचं बटण तर त्यांनी दाबलेलंच नाही. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे सगळं झकास. लवकरच घरी सोडू.

मी पायांना हात लावला.

गार.

नानांनी आशीर्वादाला हात उचलला. तो थरथरत होता.

"नाना, दुखतंय का?"

"नाही."

"खरं सांगा. बटण का दाबत नाही?"

ते इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं. "दाबलं की तुला पळत यावं लागतं. आधीच तुला किती कामं."

ते बटण म्हणजे नर्सला बोलवायची घंटा, असं समजत होते ते. इंग्लिशमध्ये समजावलं तेव्हा मास्तरांनी "येस, येस" म्हटलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. इतके दिवस हा माणूस माझी दगदग वाचवायला दुखणं गिळत होता.

नाडी पळत होती. पोट फळीसारखं कडक लागत होतं. आतला जोड सुटला असेल तर उशीर म्हणजे संपलंच. पण सुटलाय याची मला खात्री नव्हती.

रजिस्ट्रारला परत गाठलं. तो म्हणाला, दुपारी रक्ताच्या टेस्ट्स बघू.

आता एकच उरलं होतं. त्याला डावलून थेट सर्जनना फोन करायचा, तोही ते ऑपरेशन थिएटरमध्ये असताना. हे तेच सर्जन, ज्यांनी माझ्या पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं होतं की नर्स प्रॅक्टिशनर नेमकी कशासाठी असते. चुकले असते तर त्यांना उत्तर मिळालं असतं. आणि गप्प बसले असते तर शिरीषला काय तोंड दाखवलं असतं?

मी फोनजवळ नुसती उभी. 

मेरे बाजूला येऊन उभी राहिली. "यू स्केअर्ड?"

मी मान हलवली.

"गुड. नाऊ रिंग हिम."

मी फोन केला. काय बोलले ते आता धड आठवत नाही.  पलीकडून उत्तर येईपर्यंत मी मनातल्या मनात बॅगा भरून आईकडे जायच्या विमानात बसले होते.

मग ते म्हणाले, "आय विल कम."

आले ते डोक्यावर थिएटरची टोपी तशीच ठेवून. पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, थिएटर तयार करा.

शिरीष कॉरिडॉरमध्ये भेटला. "वाचतील ना गं?"

 मी चादरी ठेवायच्या लिनन रूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. 

जोड सुटलेलाच होता.

नाना आयसीयूत आले तेव्हा मी आधी पाय चाचपले. कोमट. मी सगळ्यांसमोर रडले.

बरे झाल्यावर त्यांना त्या रोजच्या नमस्काराचं खरं सांगून टाकलं. खूप हसले. त्यानंतर दर दिवाळीला शिरीषकडे गेले आणि वाकले की म्हणायचे, "झाली तपासणी? पास का?"

पास, नाना.

ते हसायचे, मीही हसायचे. पण दर वेळी बोटं पायांना लागेपर्यंत मी घाबरलेलीच असायचे. त्यांना कधी सांगितलं नाही.

आज शिरीषचा फोन आल्यावर तशीच गेले. नानांना हॉलमध्ये ठेवलं होतं. पायांना हात लावला.

गार.

माझा हात पर्समधल्या फोनकडे गेला. खरंच गेला.

कोणाला लावणार होते?

फोन आत ठेवला आणि पुन्हा वाकले.

नाना, आज तपासणी नाही. आज नुसता नमस्कार.