मोडलेलं मशीन न पुसणारे मन्मथआप्पा

हा लेख द्यायला मी फार टाळाटाळ केली, हे आधीच कबूल करतो. आप्पांच्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी तीनदा निरोप धाडला. पहिल्यांदा मी परगावी असल्याचं सांगितलं, दुसऱ्यांदा तब्येतीचं, तिसऱ्यांदा फोनच उचलला नाही. आप्पांबद्दल लिहायचं म्हणजे माझी चूक लिहावी लागणार, आणि ती अजून निस्तरलेली नाही, हे खरं कारण. पण आप्पांच्या साठीचा समारंभ तोंडावर आला. दमलो आहे, तरी लिहितो.

श्री. मन्मथआप्पा कानडे यांची माझी पहिली ओळख मी शिडीवर असताना झाली. मी तेव्हा एसी दुरुस्त करत फिरत होतो. त्याआधी पुण्यात पार्सलं वाटली, लातूरला मोबाइल उघडले, डिप्लोमा अर्ध्यात सोडला, ते असो. बीडच्या बसस्टँडमागे आप्पांचं डेटा सेंटर आहे. सेंटर म्हणजे दोन खोल्याच, पण शाळा, क्लासेस, दवाखाने यांचे संगणक तिथे नांदतात. तिथला एसी उघडून बसलो असताना मी वरूनच विचारलं, "ह्या पेट्या कशाच्या?"

"एकेका पेटीत बारा-बारा मशीन हाईत," आप्पा म्हणाले.

"दिसत तर न्हाईत."

"दिसायचीच न्हाईत. एक मशीन म्हणजे एक भली मोठी फाईल. मोडली, की कालच्या नकलेवरून परत उभी करायची. उतरा खाली, च्या घ्या."

उतरलो तो तिथलाच झालो. कुठेच चार महिने न टिकणारा माणूस इथे तीन वर्षं टिकला, यात माझं काही कर्तृत्व नाही.

आप्पा मूळचे दिंद्रुडचे. घरी भुसाराचं दुकान. त्यांचे वडील पोतं घेताना वरचे दाणे बघतच नसत; पोकळ सळई पोटात खुपसून मधले दाणे तळहातावर घेत. आप्पांनी बॅकअपला तीच रीत लावली. नक्कल नीट झाली अशी हिरवी खूण पडद्यावर आली, तरी त्यांचं समाधान होत नाही. दर शनिवारी ते कुणाच्या तरी नकलेवरून मशीन बाजूला उभं करतात आणि मालकाला बोलावून त्यातलं काहीतरी वाचायला लावतात. एका क्लासचे सर एकदा वैतागले. "आप्पा, आमचं मशीन चालू असताना दुसरं कावून उघडायला लावता?"

"सर, तुमी पेपर न तपासता मार्क देता का?"

"कधीकधी देतो," सर म्हणाले. आप्पा पोट धरून हसले, पण सरांना बसवून उघडायला लावलंच.

त्यांची दुसरी रीत अशी, की परत उभं करायचं मशीन मोडक्या मशीनच्या जागी कधी ठेवायचं नाही. नवी जागा, नवं नाव द्यायचं. मोडकं आठ दिवस तसंच राहू द्यायचं. "मेलं म्हणून जाळायची घाई कावून करतो? आधी नाडी तर बघ," असं ते मला किमान शंभरदा म्हणाले असतील.

यंदा ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आदल्या दिवशी शिरूर कासारच्या एका दवाखान्यात तोडणीला जाणाऱ्या बायांचं रक्त तपासायचं शिबिर होतं. दुपारी दवाखान्याचं मशीन अडलं. आप्पा दिंद्रुडला गेलेले. डॉक्टरबाईंचे फोनवर फोन. मी घाईत कालची नक्कल घेतली आणि लवकर होईल म्हणून मूळ मशीनवरच उतरवली. मशीन झटकन उभं राहिलं. मी खूश. डॉक्टरबाईंनी उघडून बघितलं आणि फोनवर एवढंच विचारलं, "सकाळच्या बाया कुठायत?"

सकाळपासूनच्या नोंदी गेल्या होत्या. पेटी स्वतःची जी नोंद ठेवते, ती आप्पांनी येऊन तपासली. मशीन मेलेलंच नव्हतं, नुसती डिस्क भरली होती.

त्यांनी डॉक्टरबाईंना "चूक आमची हाय" असं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने शिरूरला गेलो. नर्सबाईंच्या कागदावर नावं आणि वेळा होत्या, तपासणीच्या यंत्रातून निघालेल्या पट्ट्यांवर वेळ आणि आकडे. दिवसभर बसून वेळेवरून नाव आणि आकडा जुळवत गेलो. शेवटी एक पट्टी उरली. हिमोग्लोबिन पाच. नाव नाही. गर्दीत मधेच घुसलेली कुणीतरी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतक्या कमी रक्तावर ही बाई ऊस तोडायला निघाली."

परतताना एसटीत मी म्हणालो, आप्पा, मी काम सोडतो. पिशवीही भरून ठेवली होती. त्यांनी खिडकीबाहेरची नजर न हलवता विचारलं, "जा की. पण ही पट्टी कुणाच्या नावावर टाकून जातो?"

मी गेलो नाही. तेव्हापासून आप्पा रोज चहाच्या वेळी तोडणीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांना फोन लावतात. सातारा, सांगली, पार बेळगावपर्यंत. परवा एकाला विचारत होते, "तुमच्या टोळीत शिरूरकडची कुणी दम लागणारी बाई हाय का?" मुकादम म्हणाला, "आप्पा, दम तर समद्यांनाच लागतो." आप्पांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि पुढचा नंबर लावला. महिना झाला. मी कंटाळतो, ते थकतात, पण कंटाळत नाहीत. थकणं वेगळं आणि कंटाळणं वेगळं, हे माझ्यासारख्या फिरत्या माणसाला त्यांच्याकडे बघूनच कळलं.

आप्पांना आता गुडघा त्रास देतो, साखरही वाढली आहे. त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि त्यात शिरूरच्या फेऱ्या कमी, दिंद्रुडच्या ओट्यावर बसणं जास्त असो. शनिवारचं मी बघेन. मोडकं आठ दिवस पुसणार नाही, हा माझा शब्द.

इथे लेख संपवणार होतो, तेवढ्यात नर्सबाईंचा फोन आला. आप्पांनी स्पीकरवर टाकला. "आप्पा, दारात एक बाई आलीय. शिबिरात रक्त दिलतं, रिपोर्ट कवा देता, म्हनती. गाडीत चढताना चक्कर आली म्हनून मुकादमानं तिला नेलंच न्हाई, महिनाभर इथंच घरी पडून होती. यादीत तिचं नाव न्हाई."

आप्पा उभे राहिले. "तिला आधी बसवा," ते म्हणाले, "आन् नाव विचारा."